ओपनएसएसएच होल्डवर टाकण्याचा सल्ला पाळू नका

ओपनएसएसएच म्हणजे लांबून सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करू देणारा प्रोग्राम. त्याबद्दल सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतोय: "चालू सर्व्हरवरचं ओपनएसएसएच अपडेट करू नका. पॅकेज होल्डवर टाका, पोर्ट २२ बदला, झालं. अपडेट केलं की लॉगिन बंद पडतं. आणि २०२४ मध्ये एक्सझेडचं काय झालं ते आठवा." होल्ड म्हणजे त्या पॅकेजचं अपडेट थांबवून ठेवणं, आणि २२ हा ओपनएसएसएचचा नेहमीचा पोर्ट. काम नव्याने शिकणारे हा सल्ला जशाच्या तसा पाळतात, आणि त्याची मला खरंच काळजी वाटते.

आधी एक्सझेड, कारण सगळ्यात पटणारा मुद्दा तोच. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केलेलं बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेली चोरवाट) ओपनएसएसएचच्या पॅकेजमध्ये नव्हतंच. ते एक्सझेड युटिल्स या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये होतं. डेबियन, फेडोरासारख्या डिस्ट्रो (लिनक्सची तयार रूपं) तेव्हा एसएसएचडीला, म्हणजे ओपनएसएसएचच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागाला, सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेची लायब्ररी जोडत होत्या, ती लायब्ररी एक्सझेडच्या लिबएलझेडएमएला ओढून आणत होती, आणि त्या वाटेने ते आत शिरत होतं. ओपनएसएसएच होल्डवर असतं तरी लिबएलझेडएमए अपडेट झालंच असतं. डेबियनची स्टेबल ही पक्की शाखा वापरणारे वाचले, कारण त्या आवृत्त्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या शाखांपर्यंतच पोचल्या होत्या. स्टेबलवर राहा आणि सुरक्षा अपडेट घेत राहा, एवढंच यातून निघतं.

आता होल्डची किंमत. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधला 'रिग्रेएसएसएचियन' हा दोष जाहीर केला. २००६ मध्ये बुजवलेली चूक २०२० च्या एका बदलात परत आली होती. ८.५पी१ पासून ९.८पी१ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्या ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) असलेल्या लिनक्सवर उघड्या होत्या. हल्ला सोपा नव्हता, पण त्याला पासवर्ड लागत नव्हता आणि लॉगिनची किल्लीही (की) लागत नव्हती. पोर्टपर्यंत पोचलं की पुरे. त्यामुळे पोर्ट बदलल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, बाकी काही नाही; स्कॅनरला नवा पोर्ट सापडतोच.

"आवृत्ती जुनी दिसते, सोर्समधून बांधा" असंही कोणी कोणी जोडतं. डेबियन १२ वर दुरुस्ती आली तेव्हा आवृत्ती ९.२पी१ च राहिली, फक्त शेपटीला 'डेब१२यू३' लागलं. याला बॅकपोर्ट म्हणतात. शेपटी वाचा. हाताने बांधलेल्या एसएसएचडीला पुढची दुरुस्ती कोणी आणून देत नाही.

लॉगिन बंद पडण्याची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. सप्टेंबर २०२१ च्या ८.८ ने एसएचए-१ ही जुनी हॅश पद्धत वापरणाऱ्या आरएसए सह्या डीफॉल्टने बंद केल्या आणि जुने क्लायंट खरोखर अडकले. पण असे बदल येतात ते डिस्ट्रोची मोठी आवृत्ती बदलताना. नेहमीच्या सुरक्षा अपडेटमध्ये घोटाळा झालाच तर तो या प्रश्नावर होऊ शकतो: यूसीएफ (डेबियनचं कॉन्फिग फाइल सांभाळणारं साधन) विचारतं, तुमची कॉन्फिग ठेवू की पॅकेजमधली घेऊ? घाईत पॅकेजमधली निवडली की तुमचा बदललेला पोर्ट, तुमची परवानगीची यादी, सगळं गेलं. 'सध्याची ठेवा' हेच डीफॉल्ट आहे. नुसतं एंटर दाबलं तरी तुमची फाइल राहते आणि नवी शेजारी 'यूसीएफ-डिस्ट' या शेपटीने पडते. नंतर दोन्हींतला फरक 'डिफ'ने बघा.

मी स्वतः असं करते: एक सेशन उघडं ठेवते, त्याला हात लावत नाही. दुसऱ्यात अपडेट, मग 'एसएसएचडी -टी' (टी लहान लिपीतला, t). काहीच छापलं नाही तर कॉन्फिगचं व्याकरण ठीक. मग रीस्टार्ट, चालू सेशन त्याने तुटत नाही. मग तिसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन. ते आत आलं की मगच पहिलं बंद. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि काही बिघडलं तर पर्ज करून पुन्हा टाकू नका. पर्ज म्हणजे पॅकेज कॉन्फिगसकट पुसणं; डेबियनवर त्यासोबत सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या होस्ट कीसुद्धा जातात, आणि प्रत्येक क्लायंटला सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा दिसू लागतो.

आज एवढं करा: 'एपीटी-मार्क शोहोल्ड' चालवा. यादीत ओपनएसएसएच-सर्व्हर दिसलं तर होल्ड काढा आणि दुसरं सेशन उघडून अपडेटला बसा.