मथळ्यात तिचं नावच नव्हतं

रिओ ऑलिंपिक, २०१६. सिमोन मॅन्युएलने १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. जलतरणात वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन महिला. सॅन होजेच्या 'मर्क्युरी न्यूज'च्या मथळ्याचा आशय होता: ऐतिहासिक रात्री मायकेल फेल्प्ससोबत एक आफ्रिकन-अमेरिकन. फेल्प्सला नाव आणि तिला फक्त वंश! टीका झाल्यावर मथळा बदलला, दैनिकाने माफीही मागितली. लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असेल असं मला वाटत नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. उघड शिवी लगेच लक्षात येते. घाईत, सवयीने लिहिलेल्या ओळीतून जे झिरपतं ते वर्षानुवर्षं तसंच छापलं जातं.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने चेहऱ्यासमोर हात हलवून 'मी तुम्हाला दिसणारच नाही' अशी खूण केली. तिच्या जिद्दीचं, बिनधास्तपणाचं कौतुक झालं. मग अंतिम सामन्यात एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आयोवाला १०२-८५ असं हरवलं आणि एलएसयूच्या एंजल रीसने तीच खूण क्लार्ककडे बघून केली. लगेच ती उर्मट ठरली, तिचे संस्कार काढले गेले. रीस क्लार्कच्या मागे गेली, विजेत्यांची अंगठी जिथे घालतात ते बोट दाखवलं, हे खरं. पण म्हणून एवढा गहजब? रीसवर टीका व्हायला नको, असं खुद्द क्लार्कने सांगितलं. क्लार्क गोरी आहे, रीस कृष्णवर्णीय. मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

सेरेना विल्यम्सबद्दल तर किती लिहावं! तिचं नाव निघालं की समालोचकांना आधी ताकद आठवायची. तिची सर्व्हिस नीट बघा. कुठेही मारायची असो, चेंडू जवळजवळ एकाच पद्धतीने वर जातो, त्यामुळे समोरचीला दिशेचा अंदाजच येत नाही. हे घोटून घोटून कमावलेलं तंत्र आहे. 'उपजत ताकद' म्हटलं की ती सगळी मेहनत पुसली जाते.

२०१८ च्या यूएस ओपन फायनलनंतर मेलबर्नच्या 'हेराल्ड सन'ने व्यंगचित्र छापलं. त्यात सेरेना थयथयाट करणारी, ओठ आणि शरीर बेढब फुगवलेलं. समोर तिला हरवणारी नाओमी ओसाका, जिचे वडील हैतीचे आणि आई जपानी, ती मात्र चक्क सोनेरी केसांची! २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रेस कौन्सिलने नियमभंग झाला नसल्याचा निर्वाळा दिला. मला तो अजिबात पटलेला नाही.

याची किंमत पैशातही मोजावी लागते. सेरेनाने गोऱ्या रशियन टेनिसपटू मारिया शारापोव्हाला २२ पैकी २० सामन्यांत हरवलं. तरी २०१५ पर्यंत सलग ११ वर्षं 'फोर्ब्स'च्या यादीत सर्वाधिक कमाई करणारी महिला खेळाडू होती शारापोव्हा, आणि त्यातला मोठा वाटा जाहिरातींचा. जाहिरातदार कोणाला निवडतात, हे माध्यमं कोणाला कसं दाखवतात यावरही ठरतं.

क्रीडा पानावर काम करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बातमी सोडण्याआधी रीसच्या जागी क्लार्कचं नाव घालून एकदा वाचा. एखादं विशेषण खटकलं, तर ते रीसच्या बातमीतूनही काढा.