मावशीनं 'सातारा' टाईप केलं

सकाळी एका ग्रुपवर एकानं लिहिलं, "ज्याला साधा सर्व्हर निवडता येत नाही त्यानं मॅस्टोडॉनवर येऊच नये. तेवढीच गर्दी कमी." मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखीच जागा, फक्त एका कंपनीची नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले अनेक सर्व्हर, म्हणजे खाती ठेवणारे संगणक, आणि खातं त्यातल्या एकावर उघडायचं. ते वाक्य वाचल्यापासून डोकं फिरलंय माझं.

माझी मावशी ६४ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं. भिशीचा हिशोब पै न पै तिच्या वहीत असतो. तत्काळचं तिकीट माझ्याआधी काढते. गेल्या वर्षी एका मोठ्या साइटवरचं तिचं खातं हॅक झालं आणि नऊ वर्षांचे रांगोळ्यांचे फोटो गेले. कितीदा कळवलं, पण पलीकडे ऐकायला माणूसच नाही. तेव्हा मीच तिला म्हटलं, मावशी, एकच मालक नाही अशीही जागा आहे.

बसलो दोघी. पहिलाच प्रश्न, सर्व्हर निवडा. खाली ही लांबलचक यादी. तिनं चष्मा पुसला. "अगं, मी कुणाच्या घरी राहायला चाललेय ते तरी सांग!" कसंबसं खातं उघडलं. मग माझ्या प्रोफाइलची लिंक उघडून तिनं फॉलो दाबलं, तर विचारलं, तुमचा होम सर्व्हर कोणता? म्हणजे तिचं खातं कुठल्या सर्व्हरवर आहे ते. तिनं तिथं 'सातारा' टाईप केलं.

यात तिचं काय चुकलं, सांगा ना. घर विचारलं, तिनं घर सांगितलं.

रेडिफवरून जीमेलला मेल जाते, ती कशी जाते हे मावशीला कधी कुणी विचारलं होतं? इथंही आत तेच चालतं. वेगवेगळे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपबच्या एकाच भाषेत एकमेकांशी बोलतात. कल्पना सोपी आहे हो, दारच अवघड करून ठेवलंय. आता २०२३ पासून ॲपमध्ये थेट मुख्य सर्व्हरवर खातं उघडता येतं, मान्य. बरेच सर्व्हर लोक पदरमोड करून चालवतात, तेही मान्य. म्हणून माणसांना गर्दी म्हणायचं?

२०१९ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं म्हणून आपण कितीजण रागारागानं मॅस्टोडॉनवर गेलो होतो, आठवतंय? महिन्याभरात परत. मीसुद्धा. का, तर आपली माणसं तिथं नव्हती. आपली माणसं म्हणजे कोण? मावशीच ना!

तिनं एक प्रश्न मात्र असा विचारला की मी गप्प झाले. "उद्या हे घर बदललं तर फोटो येतील का गं बरोबर?" फॉलोअर येतात, जुन्या पोस्टी मागेच राहतात. खोटं कसं सांगू तिला? म्हटलं, आठवड्यातून एकदा सगळ्याची प्रत उतरवून घेता येते.

तिनं भिशीची वही ओढली. मागच्या पानावर लिहिलं, 'घर', पुढे सर्व्हरचं नाव, एकेक अक्षर मला विचारून. खाली, 'दर रविवारी प्रत उतरवणे.' आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.