कोंबड्याला कायदा, कुकरला तंबी

फ्रान्सहून परतून पंधरा दिवस झाले, प्रवासाचा शीण उतरला, आणलेले चीजही संपले, आणि परवा मुलीने फोनवर एक अभिप्राय वाचून दाखवला. ज्या घरात आम्ही आठवडाभर राहिलो होतो, त्या घराच्या मालकीणबाईंनी तो आमच्याविषयी लिहिला होता : "कुटुंब सुस्वभावी आहे, घर स्वच्छ ठेवले, स्वयंपाक मात्र गोंगाटाचा." पाचपैकी चार तारे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'वर्तणूक' या रकान्यापुढे कायम 'उत्तम' असा शेरा मिळवलेल्या माणसाला एकसष्टाव्या वर्षी हे ऐकून घ्यावे लागले.

मुलगी तुलूझला नोकरी करते. तिथून उत्तरेला दोर्दोन्य भागात अक्रोडाच्या बागांमधले एक दगडी घर तिने आमच्यासाठी घेतले होते, आणि जाहिरातीत 'संपूर्ण शांतता' असे लिहिलेले होते. लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात आयुष्य काढलेल्या आम्हां उभयतांना त्या दोन शब्दांसाठी किती युरो मोजले हे मुलीने अजून सांगितलेले नाही.

पहिल्या रात्री अकरा वाजता चर्चच्या घंटेचे अकरा टोल पडले. आम्ही कौतुकाने ऐकले. दोन मिनिटांनी पुन्हा अकरा पडले. घड्याळ बिघडले असावे असे मला वाटले, पण तिकडच्या पुष्कळ खेड्यांत तास दोनदा वाजवण्याची रीतच आहे. शेतात काम करणाऱ्याचे पहिल्या खेपेस मोजणे चुकले, तर त्याला दुसऱ्यांदा मोजता यावे म्हणून, असे सांगतात. रात्री बारा वाजता शेतात कोण उभा असतो आणि त्याला वेळ कशाला हवी असते, याचा खुलासा कोणी करत नाही. रात्री अकरा ते सकाळी सहा एवढ्या वेळात एकूण 88 टोल पडतात. हा आकडा मी पुस्तकात वाचलेला नाही, पाठ टेकून मोजलेला आहे. सात वाजता प्रार्थनेची घंटा होते ती निराळी. आणि या सगळ्याच्या मध्ये, पाचाच्या सुमारास, शेजारच्या आवारातला कोंबडा सुरू होत असे. विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशांची पथके खिडकीखालून जात असतानाही मी घोरतो अशी घरच्यांची साक्ष आहे. पण ढोलाला एक लय असते, आणि हा प्राणी दोन आरवण्यांच्या मध्ये आपल्याला पुरता डोळा लागेपर्यंत थांबत असे.

तरीही मी तक्रार केली नाही, हे मला नोंदवून ठेवायचे आहे. तक्रार घेऊन आले ते कोंबड्याचे मालक.

सोमवारचा दिवस होता. गावातली एकुलती एक बेकरी सोमवारी बंद असते हे आम्हांला तिच्या दारात उभे राहिल्यावर कळले, म्हणून संध्याकाळी सौभाग्यवतींनी पुण्याहून बॅगेत घालून आणलेला तीन लिटरचा कुकर काढला आणि वरणभात लावला. दुसरी शिट्टी झाली आणि दारावर थाप पडली. निळा कामाचा डगला आणि पायांत सपाता घातलेले पंचाहत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. मी घाईने "काय झाले?" असे इंग्रजीत विचारले. ते काहीच बोलले नाहीत. त्या देशात आधी नमस्कार केल्याशिवाय कोणी कोणाला उत्तर देत नाही, मग घराला आग लागलेली का असेना. मी "बोंस्वार, मस्यू" म्हणालो, त्यांनी "बोंस्वार, मस्यू" म्हणून मान लववली आणि मग बोलण्यासाठी तोंड उघडले, तोच तिसरी शिट्टी झाली.

"हेच!" ते म्हणाले.

मुलगी दुभाषी झाली. त्यांच्या कोंबड्या घाबरल्या होत्या. असेच भांडे त्यांच्याकडेही आहे, पण ते सभ्यपणे फुसफुसते, किंचाळत नाही. मग मीही पाच वाजताच्या कोंबड्याचा विषय काढला. गृहस्थांचा चेहरा उजळला. जणू कोणी हे काढावे म्हणून ते कित्येक महिने वाट पाहत होते. खुर्ची ओढून ते बसले आणि त्यांनी ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याची हकीकत सांगितली. सुट्टीपुरते येणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याच्या आरवण्यावर दावा लावला, 2019 च्या सप्टेंबरात रॉशफोरच्या न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि तक्रारदारांनाच हजार युरोंची भरपाई द्यावी लागली. मोरिस पुढल्याच वर्षी वारला, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. त्यानंतर 29 जानेवारी 2021 रोजी रीतसर कायदाच झाला : खेड्यातले आवाज आणि वास हे त्या प्रदेशाच्या वारशाचा भाग आहेत. कोंबडा, घंटा, गाय, शेणाचा वास, असे ते बोटांवर मोजत गेले. पाचवे बोट त्यांनी आमच्या ओट्याकडे रोखले आणि म्हणाले, "हे त्यात नाही."

मुलीने फोनवर पाहिले. कायदा खरा होता आणि कुकर त्यात खरोखरच नव्हता.

"तुमच्या गावी शांतता असते का?" त्यांनी मला सौजन्याने विचारले. मी बाणेदारपणे "हो" म्हणालो. मुलीने भाषांतर करण्यापूर्वी माझ्याकडे एकदा रोखून पाहिले.

वरकरणी मी हसत होतो, पण मला खरोखर राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. शांततेचे पैसे मोजले आम्ही, 88 टोल मोजले आम्ही, आणि तीन शिट्ट्यांसाठी आरोपी ठरलो तेही आम्हीच. खेड्यात उपऱ्याने गप्प राहावे हा त्यांचा मुद्दा मला पटतो. मोरिसच्या खटल्यात मी न्यायाधीश असतो तर मीही तोच निकाल दिला असता. मग घर भाड्याने देताना निदान 'वारसा ऐकायला या' असे तरी छापावे.

जाण्यापूर्वी त्यांनी शिट्टी पाहायला मागितली. सौभाग्यवतींनी ती धुऊन, पुसून हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, शिट्टी उजेडात धरली, भोकातून फुंकून पाहिली, "चतुर, फार चतुर" असे दोनदा म्हणाले, आम्हां तिघांशी हस्तांदोलन केले आणि निघून गेले. शिट्टी डगल्याच्या खिशात गेली होती. ती त्यांनी विसरून नेली की जप्त केली, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. परत मागायला जाण्याचे धाडस कोणाला झाले नाही, आणि उरलेले चार दिवस भात आम्ही पातेल्यात शिजवला.

काल तुळशीबागेत नवी शिट्टी घ्यायला गेलो.

"जुनी आणलीय का काका? मापाला लागते."

"जुनी फ्रान्समध्ये आहे," मी म्हणालो.

दुकानदाराने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि मग मागे उभ्या असलेल्या बाईंना विचारले, "ताई, तुम्हांला काय हवंय?"