पल्स खाली आली म्हणून मी खूश होते

परवा आमच्या रनिंग ग्रुपवर एकाने सलग २०० दिवस पळाल्याचा स्क्रीनशॉट टाकला. खाली टाळ्या, आगीच्या इमोजी, 'काय शिस्त आहे राव!' मीही अंगठा दिला आणि पाच मिनिटांनी काढून घेतला. का काढला, ते तिथे लिहिलं असतं तर त्याच्या आनंदावर विरजण पडलं असतं. म्हणून इथे लिहितेय, ओव्हरट्रेनिंगबद्दल, म्हणजे शरीराला सावरायला वेळ न देता सराव करत राहण्याबद्दल. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

दोन वर्षांपूर्वी माझी हाफ मॅरेथॉनची वेळ १ तास ५२ मिनिटं होती. मला १:४५ च्या आत यायचं होतं, कारण आदल्या रेसमध्ये वयोगटात चौथी आले होते. (दहावं येणं परवडतं. चौथं येणं झोपू देत नाही.) मग जोर लावला. आठवड्याला ३५ किलोमीटर पळायचे, ते दोन महिन्यांत ६० वर नेले. ऑफिसात नेमकी तेव्हाच वर्षअखेरची कामं. झोप साडेपाच तास. रेस्ट डे कागदावर होता, पण त्या दिवशीही 'जरा पाय मोकळे' म्हणून पाच किलोमीटर व्हायचेच.

पहिले पाच-सहा आठवडे झकास गेले. वेळा सुधारत होत्या, लोक विचारत होते काय करतेस म्हणून. इथेच फसायला होतं.

मग एका मंगळवारी ८०० मीटरचे सहा इंटरव्हल होते, म्हणजे मध्ये थोडी विश्रांती घेत जोरात पळायचे टप्पे. एरवी एकेक ३ मिनिटं ५० सेकंदांत व्हायचा. त्या दिवशी चौथा ४:०५ ला संपला. मांड्यांत ओली वाळू भरल्यासारखं वाटत होतं. घड्याळात पाहिलं तर पल्स १६१. अशा वेळी माझी १७२-१७३ असते. आणि मी अर्थ काय काढला? हृदय मजबूत झालं! घरी येऊन वहीत लिहिलं, 'पल्स कमी, फिटनेस वाढतोय.' ती वही अजून आहे माझ्याकडे.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की पूर्ण जोर लावूनही पल्स वर चढत नसेल, तर ते अतिथकव्याचं चांगलं ओळखीचं लक्षण आहे. तोच वेग निवांत श्वासात होतोय आणि पल्सही कमी आहे, तर ती प्रगती. जीव काढूनही वेग पडतोय आणि पल्स चढेना, तर नेमकं उलट. आकडा एकच, अर्थ दोन. आणि कुठला अर्थ खरा, हे घड्याळ सांगत नाही. ते आपल्याला किती जड गेलं, यावर ठरतं. मी ते विचारातच घेतलं नव्हतं.

घरच्यांना माझ्याआधी कळलं होतं. लेक एकदा वैतागून म्हणाली, "आई, तू पळायला गेलीस तरी चिडतेस, नाही गेलीस तरी चिडतेस. आम्ही करायचं तरी काय?" मी तिच्यावरही चिडले.

त्यानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ. साडेपाचला पलंगाच्या कडेवर बसले होते, एक मोजा पायात, एक हातात. वीस मिनिटं तशीच. दुखत काहीच नव्हतं, झोपही येत नव्हती. फक्त तो दुसरा मोजा चढवावासा वाटेना. मग रडू आलं. रडून झाल्यावर मोजा चढवला आणि दहा किलोमीटर पळून आले. तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. ग्रुपवर टाकलंसुद्धा, 'मन नको म्हणत होतं, तरी गेले.' शंभरावर लाइक्स.

अजून एक गोष्ट, बायकांसाठी मुद्दाम लिहितेय. त्या काळात दोन महिने पाळी आली नाही. गरोदर नव्हते. वय चाळिशीचं, म्हटलं पाळी जायला सुरुवात झाली असेल, आणि खरं सांगायचं तर ट्रेनिंगच्या दिवसांत ते सोयीचंच वाटलं. ऊर्जा खर्च होते त्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर सगळ्यात आधी अशा 'तूर्त नसलं तरी चालेल' कामांवर कात्री चालवतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला रेड-एस (खेळाडूंमधली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं. त्यात हाडं ठिसूळ होणंही येतं, आणि हे पुरुषांनाही होतं. फक्त पुरुषांना पाळीसारखी ढळढळीत खूण मिळत नाही.

रेस झाली. १:५६. चार मिनिटांनी हळू, तीन महिने जास्त मेहनत करून.

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. थायरॉइड ठीक निघालं, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला. ओव्हरट्रेनिंगची अशी एक चाचणी नसतेच. बाकीची कारणं एकेक करून बाद करायची आणि उरेल ते हे. सुधारायला किती दिवस लागले, त्यावरून मागे वळून नाव द्यायचं. दोनेक आठवड्यांत सावरून आधीपेक्षा सरस झालात, तर तो उपयोगाचा थकवा. त्याच्याशिवाय प्रगती होतच नाही. काही आठवडे-महिने गेले तर हद्द ओलांडली होती. आणि कित्येक महिने लागले, तर खरं ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम. माझं मधल्या खान्यात बसलं. तीन आठवडे पूर्ण बंद, मग दोन महिने फक्त हळू.

'आठवड्याला साठ किलोमीटरवाल्यांना कसलं आलंय ओव्हरट्रेनिंग, ते ऑलिंपिकवाल्यांचं दुखणं', असं मला एका जाणत्या माणसाने ऐकवलं. मला हे अजिबात पटत नाही. शरीरावरच्या ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेली यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांबद्दल लिहिलं, त्यात थंडी, जखम, विषबाधा आणि अति व्यायाम, या सगळ्यांना शरीर एकाच साच्यातला प्रतिसाद देतं असं त्यांना दिसलं. शरीर ऑफिसचं खातं वेगळं आणि पळण्याचं वेगळं असं ठेवत नाही. व्यावसायिक खेळाडू दुपारी झोपतो. मी दुपारी मीटिंगमध्ये असते. माझे साठ किलोमीटर त्या मीटिंगसकट मोजायला हवेत.

हौशी खेळाडूचं माझं आवडतं उदाहरण रॉजर बॅनिस्टरचं. वैद्यकीचा विद्यार्थी, जेवणाच्या सुट्टीत सराव करणारा. १९५४ च्या एप्रिलमध्ये त्याचे ४४० यार्डांचे, म्हणजे पाव मैलाचे, दहा इंटरव्हल प्रत्येकी ६१ सेकंदांवर अडकले होते, काही केल्या खाली येईनात. चार मिनिटांच्या आत मैल धावायचा तर पाव मैल ६० सेकंदांच्या आत हवा. आपण काय केलं असतं? अकरावा मारला असता. तो मित्राबरोबर स्कॉटलंडला डोंगर चढायला निघून गेला. काही दिवसांनी परत आला आणि ५९ सेकंद. मग रेसआधी पाच दिवस पूर्ण आराम, आणि ६ मे रोजी चार मिनिटांच्या आत मैल धावणारा जगातला पहिला माणूस. डोंगर चढणं म्हणजे काही आदर्श विश्रांती नव्हे म्हणा. पण घड्याळापासून लांब तरी गेला.

आता मी एवढंच करते. रोज पळून झाल्यावर किती जड गेलं त्याला ० ते १० मध्ये गुण, गुणिले मिनिटं. ही व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची पद्धत. तासभर टेम्पो, म्हणजे सलग जोरकस पळणं, आणि जडपणा ७, तर ४२०. दीड तास हळू आणि ३, तर २७०. रोजचे आकडे एकसारखेच यायला लागले की मी सावध होते. जडाचा दिवस जड आणि हलक्याचा खरंच हलका हवा. रोजचं मधलंच पळणं मला नडलं होतं. आकड्याशेजारी एक शब्द मूडचा. 'चिडचिड' हा शब्द सलग तीन दिवस आला की चौथ्या दिवशी बूट कपाटात.

हलक्या दिवशी हळू पळणं मात्र अजून जमत नाही नीट. मागून कुणी बोलत-बोलत पुढे गेलं की पाय आपोआप उचलतात. ॲपवर पेस, म्हणजे वेगाचा आकडा, लपवून ठेवलाय, तेवढाच उपाय.

१:४५ अजून झालेलं नाही. गेल्या महिन्यात १:४७ आणि काही सेकंद. वयोगटात पुन्हा चौथी.