जे घरी राहिले, तेच हरले

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी मियामी जमातीबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. फ्लोरिडातल्या शहराशी यांचा काही संबंध नाही, तेव्हा समुद्रकिनारा विसरा. यांचा मुलूख वाबाश नदीकाठचा, म्हणजे आजचं इंडियाना आणि आसपासचा भाग. मुख्य गाव किकिओंगा, जिथे आता फोर्ट वेन शहर उभं आहे.

१७९१ साली यांच्या लिटल टर्टल या सरदाराने इतर जमातींना सोबत घेऊन अमेरिकन सरकारच्या जनरल सेंट क्लेअरच्या फौजेची दाणादाण उडवली. एका सकाळीत सहाशेच्या वर सैनिक पडले. पुढे १८७६ साली अशाच जमातींकडून हरलेल्या अमेरिकन सेनाधिकारी कस्टरचं नाव सगळ्यांना माहीत, पण त्याच्या लढाईत याच्या निम्मेही मेले नव्हते! पुढे मात्र तहामागून तह झाले आणि प्रत्येक तहात जमीन गेली. १८४०च्या तहात तर गाव सोडून मिसिसिपीपलीकडे जायचंच कबूल करून घेतलं.

६ ऑक्टोबर १८४६ला इंडियानातल्या पेरू गावी सैनिकांच्या पहाऱ्यात तीनशेहून अधिक माणसांना कालव्यातल्या बोटींवर चढवायला सुरुवात झाली. त्या बोटी गेल्या फोर्ट वेनवरूनच, म्हणजे त्यांच्याच जुन्या राजधानीच्या दारातून. मग नद्यानद्यांनी कॅन्सस. तिथे जरा बूड टेकतंय तोवर वीसेक वर्षांत पुन्हा उचलबांगडी, ओक्लाहोमात.

सगळेच गेले नाहीत. काही वजनदार कुटुंबांना तहांतच सूट मिळाली होती. फ्रान्सिस स्लोकमची गोष्ट तर विलक्षणच. १७७८ मध्ये, पाच वर्षांची असताना पेनसिल्व्हेनियातल्या घरातून पळवलेली ही गोरी मुलगी मियामींमध्ये संसार करून म्हातारी झाली. १८३७ साली भाऊ शोधत आले, तर तिने परत जायला साफ नकार दिला. तिला राहू द्यावं म्हणून १८४५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने खास ठराव केला. जन्माने गोरी, म्हणून ठराव. बाकीच्यांना बोट.

आता माझी खरी चीड. ज्यांना हाकललं, ते सरकारदरबारी 'जमात' म्हणून टिकले. जे आपल्याच मातीत राहिले, त्यांची मान्यता १८९७ साली विलिस व्हॅन डेव्हँटर या सरकारी वकिलाच्या एका अभिप्रायाने काढून घेतली. (हेच गृहस्थ पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले.) इंडियानाचे मियामी भांडत राहिले. १९९२ मध्ये सरकार म्हणालं, तुम्ही वेगळा समाज म्हणून टिकून राहिलात हे सिद्ध होत नाही. १९९३ मध्ये कोर्ट म्हणालं, १८९७च्या निर्णयाला आव्हान द्यायची मुदत संपली. २००१ मध्ये अपील कोर्टानेही दार लावून घेतलं. आधी जमीन काढून घ्यायची, पोटासाठी माणसं पांगली की विचारायचं, एकत्र का राहिला नाहीत? यात न्याय कुठे दिसतो, मला कुणी समजावून सांगा.

ओक्लाहोमाच्या मियामींनी मात्र मिळालेल्या मान्यतेचं सोनं केलं, हेही मोकळेपणाने म्हणायला हवं. त्यांची भाषा अस्खलित बोलणारं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुणी उरलं नव्हतं. डेव्हिड कोस्टा या अभ्यासकाने जुन्या कागदपत्रांतून, अगदी जेझुइट पाद्र्यांच्या शब्दकोशांतूनही, तिचं व्याकरण उभं केलं. डॅरिल बाल्डविन यांनी ती आधी घरात, आपल्या मुलांशी बोलायला घेतली. २००१ पासून ओहायोतल्या मियामी विद्यापीठात तिचं रीतसर काम चालतं. याच विद्यापीठाच्या खेळाडूंचे संघ १९९७ पर्यंत 'रेडस्किन्स' (मूळ रहिवाशांना हिणवणारा शब्द) हे नाव मिरवत होते! जमातीने पाठिंबा काढला तेव्हा ते बदललं. आता जमातीची पोरं तिथे शिकायला येतात आणि स्वतःची भाषा, चांद्र कालगणना, इतिहास शिकून जातात.

ओक्लाहोमाच्या नोंदीतली बरीच कुटुंबं आजही इंडियानात राहतात. फोर्ट वेनमध्ये जमातीचं सांस्कृतिक कार्यालयही आहे. तिथून तासाभरावर पेरूमध्ये दुसरं कार्यालय आहे, इंडियानातच राहिलेल्यांचं. त्यांचे पूर्वज वाबाशकाठ सोडून कधी गेलेच नाहीत, आणि केंद्र सरकारच्या यादीत त्यांचं नाव आजही नाही.