टायपिंग चाललंय व्हय?

काल संध्याकाळी शाहूपुरीतल्या एका इमारतीच्या जिन्यात माझी टायपिंगची परीक्षा झाली आणि मी सणसणीत नापास झालो. परीक्षेला मी बसलोच नव्हतो. मी बसलो होतो प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, आमच्या कंपनीची नवी ऑप्टिकल पेटी सुरू करायला. पण कोल्हापुरात तुम्ही काय करताय हे तुम्ही ठरवायचं नसतं, ते बघणारा ठरवतो.

पेटीचं थोडक्यात सांगतो. कोल्हापूर ते सांगली जमिनीखालून फायबर गेली आहे. सव्वाशे मायक्रॉन जाडीच्या त्या काचेतून एकाच वेळी चाळीस रंगांचा उजेड पळवायचा, प्रत्येक रंगावर वेगळा डेटा, असा डीडब्ल्यूडीएमचा खेळ. दोन्ही टोकांना एकेक पेटी लागते. ती माऊसनं चालवायचं सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यावं लागतं. आमच्या मालकांनी त्याची किंमत विचारली, ग्लासभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "कमांडनं होतंय न्हवं? मग?"

जिन्यात बसायचं कारण पंचगंगा. २०१९ च्या ऑगस्टात ती शाहूपुरीत घुसली, तेव्हा जुनी पेटी तळमजल्यावर होती. आता सगळं सामान पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, जाळीच्या कपाटात असतं. कपाट उघडलं की वर जाणाऱ्याला अंग चोरून जावं लागतं आणि अंग चोरता चोरता तो स्क्रीन वाचतो.

पेटीला पहिल्यांदा हात लावायचा तो कन्सोलच्या केबलनं, म्हणजे लॅपटॉप थेट पेटीला जोडणाऱ्या वायरनं. केबलच्या एका टोकाला नऊ पिनांचा सिरियल प्लग, आणि नऊ पिनांचं भोक लॅपटॉपवरून जाऊन जमाना झाला. म्हणून मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर. माझा कन्व्हर्टर लावल्यावर विंडोजनं सांगितलं की यातली चिप २०१२ पासून बंद झालेली आहे, तुमच्या पुरवठादाराशी संपर्क साधा. पुरवठादार म्हणजे राजारामपुरीतला गाळेवाला. त्याच्याशी संपर्क साधला. तो म्हणाला, "मग जुनं विंडोज टाका की." शेवटी मित्राकडून दुसरा आणला. लॅपटॉप आणि पेटीनं एकमेकांशी कसं बोलायचं ते ठरवून दिलं: वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक. काळी खिडकी उघडली, कर्सर लुकलुकला. फोनवर आमचे पुण्याचे सीनिअर कमांड सांगत होते. मी टाइप केली, एंटर मारलं.

काही नाही. कर्सर खालच्या ओळीवर जाऊन लुकलुकायला लागला. परत एंटर. आणखी खालची ओळ. सीनिअर म्हणाले, "यायला पाहिजे," आणि त्यांना दुसरा फोन आला.

अशा वेळी नाना उतरले. दुसऱ्या मजल्यावर राहतात. पांढरा लेंगा, बंडी, हातात दुधाची रिकामी किटली. सरकारी कचेरीतून टंकलेखक म्हणून निवृत्त झालेत, हे त्यांनी न विचारता सांगितलं. मी विचारावं अशी वेळच त्यांनी येऊ दिली नाही.

"टायपिंग चाललंय व्हय?"

"नाही नाना, नेटचं मशीन सुरू करतोय."

"मग टायपिंगच की." किटली पायरीवर ठेवली आणि ते माझ्या वरच्या पायरीवर बसले. तिथून त्यांना माझी बोटं, स्क्रीन आणि माझं टक्कल असं तिन्ही दिसत होतं. थोडा वेळ बघून म्हणाले, "अनामिका कुठं गेली तुझी?"

माझं लग्न होऊन मुलगा पाचवीत आहे. या प्रश्नानं मी दचकलो. त्यांना बोट म्हणायचं होतं.

"दोन बोटांनी ठोकायलायस मर्दा. बाकीची आठ काय लग्नाला आल्यात? पगार किती देतात तुला?"

मी सांगितला नाही. पगार सांगितला असता तर त्यांनी त्याला बोटांनी भागलं असतं.

मग त्यांचं स्वतःचं सुरू झालं. इंग्रजी चाळीसची परीक्षा, मराठी तीसची, दोन्ही पहिल्या झटक्यात पास. डोळे मिटून. शिकले ते गोदरेजच्या मशीनवर. गोदरेजनं १९५५ साली आपल्या देशात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की पहिला स्क्रू यांनीच पिळला असावा. "ह्येचा स्पीड किती?" त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. चाळीसच्या स्पीडनं, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांनी, नानांची सेकंदाला साडेतीनही होत नाहीत. हा हिशेब मी तोंडावर सांगितला, कारण तोवर मलाही चेव चढला होता. नाना शांतपणे म्हणाले, "मग बोलंना का झालंय?"

याला उत्तर नव्हतं. म्हणून मी पाठ सांगितल्यासारखं बोलायला लागलो, की नाना, ही भाषा टीएल-१. अमेरिकेत बेलकोर म्हणून संस्था होती, तिनं १९८४ साली काढली. तिथली टेलिफोन कंपनी मोडून तुकडे झाले होते, सगळ्यांच्या पेट्या वेगवेगळ्या, तर माणसानं आणि संगणकानं दोघांनीही वाचावी अशी एकच भाषा पाहिजे होती. अजून चालते. आधी क्रियापद, मग कशावर, मग कोलन, पेटीचं नाव, कोलन, कुठलं कार्ड, कोलन, आणि मग आपण द्यायचा एक नंबर. पेटी उत्तर देताना तोच नंबर परत लिहिते, म्हणजे कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं ते कळतं.

"जावक क्रमांक," नाना म्हणाले.

मला हा प्रकार नीट समजायला दोन पीडीएफ वाचाव्या लागल्या होत्या. हा माणूस दुधाला निघाला होता.

"आणि हे पुढं काय लिवलंयस?" नाना वाकले. टीएल-१ मध्ये लॉगिनच्या ओळीतच पासवर्ड लिहायचा असतो आणि या पेटीत तो उघडाबोडका दिसतो. नानांनी तो खणखणीत आवाजात वाचला. "पन्हाळा, ॲट, एक दोन तीन, हॅश." वरून काकूंचा आवाज आला, "काय म्हणालासा?" नानांनी परत वाचला, मोठ्यानं. मग माझ्याकडे वळून, "स्पेलिंग चुकलंय. पन्हाळ्यात शेवटी दोन ए पाहिजेत." आमच्या कंपनीच्या पासवर्डचं शुद्धलेखन जिन्यातल्या सगळ्या दारांना ऐकू गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरानं तर 'ओके' म्हटल्यासारखं वाटलं.

"सरक," नाना म्हणाले. "पहिला धडा दाखवतो. बोटं कुठं ठेवायची तेच ठावं न्हाई तुला."

मी 'नाना, नको' म्हणेपर्यंत माझ्या दोन्ही खांद्यांवरून दोन हात आले आणि लॅपटॉपवर पडले. ए, एस, डी, एफ. सेमीकोलन, एल, के, जे. टंकलेखनाच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच देतात. सेमीकोलन उजव्या करंगळीखाली असतो. सुरू व्हायच्या बेतात असलेल्या, कंपनीच्या, कर्ज काढून आणलेल्या यंत्रात हा धडा गिरवला गेला.

आणि पेटी बोलली.

स्क्रीनवर भराभर ओळी आल्या. तारीख, वेळ, आमचा शंभर हा नंबर, आणि पुढे 'डिनाय', म्हणजे नकार. खाली चार अक्षरं, पी-आय-यू-आय, म्हणजे हा गडी कोण हे आम्हाला माहीत नाही. पासवर्डच्या मागे ए-एस-डी-एफ चिकटल्यावर दुसरं काय होणार. पण बोलली! टीएल-१ ला एंटरशी देणंघेणं नसतं. ती सेमीकोलनची वाट बघते. तो येईपर्यंत तुम्ही जिन्यात म्हातारे झालात तरी तिला वाटतं तुमचं वाक्य चालू आहे. सीनिअरनी तो सांगितलाच नव्हता, कारण त्यांच्या संगणकावरचं सॉफ्टवेअर तो आपणहून लावतं, आणि जे आपणहून होतं ते माणूस सांगत नाही.

कॉलेजात चार वर्षं मला पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवलं. न्यूमेरिकल ॲपर्चरचं सूत्र अजून झोपेत सांगेन. सेमीकोलनबद्दल एकही प्राध्यापक कधी बोलला नाही. ते ज्ञान कोल्हापुरात फक्त टंकलेखनाच्या वर्गात मिळतं.

"बघ," नाना म्हणाले, "करंगळीचं काम असतंय ते."

मागे उरलेलं एल-के-जे पुसलं, पासवर्ड परत लिहिला (नाना मोठ्यानं वाचत होतेच), सेमीकोलन मारला. 'कॉम्प्लड', म्हणजे झालं. आत गेलो. सगळ्यात आधी ईडी-पीआयडी देऊन पासवर्ड बदलला. तो काय ठेवलाय हे अर्थातच नानांना माहीत आहे.

पुढची कमांड, आरटीआरव्ही-एएलएम-ऑल, म्हणजे दुखणी सांग. ती टाइप करत असतानाच पेटीनं मधेच तोंड घातलं. ही तिची रीत आहे. काही मोठं बिघडलं की न विचारता ओरडते. सांगलीकडून उजेड येत नाही, गंभीर. गंभीरला सीआर लिहितात.

"सीआर!" नाना उठून उभे राहिले. "कॅरेज रिटर्न! एंटर मार, एंटर मार!"

"नाना, ते क्रिटिकल."

"अरं, आयुष्य गेलं कॅरेज सरकवण्यात. मला शिकवतो?"

सांगलीच्या पोराला फोन लावला. त्यानं तिथं जोडायची कॉर्ड जोडली नव्हती, जेवायला गेला होता. तो परत येईपर्यंत नानांना फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं होतं, उजेड येतोय का. मी हात धरला. हा उजेड १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, माणसाला सातशेच्या पुढचं दिसत नाही. दिसणार काही नाही आणि डोळ्याला इजा व्हायची ती होईल. "दिसत न्हाई, मग हाय कशावरनं?" हा प्रश्न आमच्या धंद्यात गिऱ्हाईक रोज विचारतं, जरा वेगळ्या शब्दांत.

पोरानं कॉर्ड लावली. अलार्म गेला. उजेड मोजला, उणे चौदा डीबीएम (हे उजेडाच्या ताकदीचं माप, शून्य म्हणजे एक मिलीवॉट). किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल झिजत पन्नासेक किलोमीटर येणार, वर सांधे आणि जोड. निघताना एक मिलीवॉट, पोचताना त्याचा पंचविसावा भाग. झकास आकडा आहे. मी आनंदानं नानांना दाखवला.

"उणे?" ते म्हणाले. "म्हणजे न्हाईच की."

मी गप्प बसलो. मग नानांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. आपलं चालूच आहे टायपिंग, तर तेवढी सोसायटीची सूचना मारून दे. रविवारी टाकी धुणार असल्याने सभासदांनी पाणी भरून ठेवावे, जिन्यात चपला ठेवू नयेत, आणि शेवटी, "जिन्यात अनोळखी इसम बसलेले आढळल्यास सचिवांस कळवावे." हे तिसरं कलम त्यांनी तिथेच सुचल्यासारखं सांगितलं. मी टाइप केलं. माझ्याविरुद्धचं कलमही टाइप केलं. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ काढलं, फाईल व्हॉट्सॲपवर घेतली, आणि वीस रुपयांची नोट माझ्या शर्टाच्या खिशात घातली. "खाली टायपिंगच्या पानाला वीसच घेत्यात."

नको म्हटलं तर ऐकेनात. ठेवून घेतले. आमच्याकडे साइटवर गेल्याचा भत्ता मिळतो, पेट्रोलपुरता. सांगलीहून उजेड आणल्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही, पानाला मात्र दर आहे. नेट चालू असतं तेव्हा आम्ही कुणाला ठाऊक नसतो; जेसीबीनं रस्ता खणताना फायबर तोडली की रात्री दोन वाजता आमचा नंबर सगळ्यांना सापडतो, आणि जेसीबीवाल्याचा कुणाकडेच नसतो. बरं, तुटलेली जोडून द्यावी तर "एवढा वेळ?" म्हणतात. सूचना टाइप करायला किती वेळ लागला हे नानांनी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण आदरानं विचारलं.

मालकांचा फोन आला. झालं म्हटल्यावर म्हणाले, "मग दिवसभर काय करत होतास?" आणि पुढच्याच श्वासात, सांगलीची पेटीही कमांडनंच करायची, उद्या जाऊन ये.

नाना ऐकत होते. "सांगलीत कुठं?"

"विश्रामबागला."

"माझा साडू हाय तिथं. लघुलेखक होता." मी लॅपटॉप बंद करेपर्यंत त्यांनी फोन लावलाही होता. "हां, दाजी... उद्या एक टायपिंगचा पोरगा येतोय तुमच्याकडं, नेटवाल्यांचा... न्हाई, स्पीड कायबी न्हाई. करंगळी मी करून घेतलीया. अनामिकेचं तुम्ही बघा."