मीटिंग संपल्यावरची मीटिंग

मन्या लॉकडाऊनमध्ये साताऱ्याला गेला तो तिथलाच झाला; पुण्यातल्या आयटी कंपनीचं काम घरूनच करतो. शनिवारी कट्ट्यावर उगवला तोच फणफणत. "राबतोय मी आणि प्रमोशन कोणाला? मॅनेजरसोबत सुट्टा मारणाऱ्याला!"

"मग ये की ऑफिसला," सुऱ्या.

"हिंजवडीला? सिग्नलला सडण्यापेक्षा तेवढ्या वेळात दोन बग उरकतात."

निख्याकडे अशा वेळी हमखास काहीतरी वाचलेलं असतं. चीनमधली सीट्रिप ही प्रवास-बुकिंगची कंपनी, आताची ट्रिप डॉट कॉम. तिथे 2010-11 मध्ये कॉल सेंटरच्या काही लोकांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं आणि स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम या अर्थतज्ज्ञाने हिशेब ठेवला. काम 13 टक्क्यांनी वाढलं.

"बघ!" मन्या.

"पुढचं ऐक. तेवढंच काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. नंतर निवड करायला सांगितल्यावर त्यातले जवळपास निम्मे ऑफिसला परतले."

मन्याचा चेहरा पडला. मग त्याचं त्यालाच आठवलं. मागच्या महिन्यात ऐन कॉलमध्ये लाइट गेली. घरचा इन्व्हर्टर पंखा चालवतो, राउटर नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कची सुरक्षित जोडणी, पुन्हा जोडेपर्यंत, ओटीपी टाकेपर्यंत कॉल संपलेला. पुण्यातले पाचजण मात्र कॉन्फरन्स रूममध्ये बसूनच होते, तिथेच त्याचं मॉड्यूल, म्हणजे त्याच्या वाट्याचं काम, दुसऱ्याला गेलं. त्याला कळलं चार दिवसांनी, तेही मेलच्या सीसीमधून.

मला विचाराल तर गोम इथेच आहे. टीम्स या ऑफिसच्या चॅट-ॲपवर दिवसभर 'हजर' दाखवणारा हिरवा ठिपका राखायची धडपड कशाला? त्या पाचजणांनी जे ठरलं ते चॅटवर दोन ओळींत टाकलं असतं तरी भागलं असतं. ती शिस्त कंपनीने लावायची, मन्याने नव्हे.

"शिस्त वगैरे सोड," सुऱ्या म्हणाला, "तोंड दाखवल्याशिवाय काही मिळत नाही."

"त्याच कंपनीने पुढे तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर करून पाहिलं," निख्या म्हणाला. "2024 साली नेचर या विज्ञान नियतकालिकात आलंय. बढतीत फरक नाही आणि नोकरी सोडणारे तिसऱ्या हिश्श्याने कमी."

"आणि त्या तीन दिवसांसाठी पुण्यात खोलीचं भाडं कोण भरणार? वाढीव पगार त्यातच जाईल."

"माझ्याकडे राहा," सुऱ्या.

"वहिनींना विचारलंयस?"

सुऱ्याने चहा सांगितला.